उस्तादाने बांधलेले हात

आखाडा बाळापूरच्या पिंजारी आळीत चाँद पाशाचं घर कुणाला विचारावं लागत नसे. आवाजाचा माग धरला की माणूस त्याच्या दारात पोचायचा. टंग, टंग, टंग. पिंजणाच्या तातेवर लाकडी मोगरी पडायची, तात थरथरायची आणि कापूस आढ्यापर्यंत उडून सावकाश खाली यायचा. त्या पांढऱ्या धुक्यात एक पोरगी पाय रोवून उभी असायची. तिचं नाव अख्तरी.

पिंजण म्हणजे पुरुषभर लांबीची कमान. तिला आतड्याची तात ताणलेली असते. डाव्या हाताने ती तोलून धरायची आणि उजव्या हातातल्या मोगरीने तात छेडत राहायची. नवख्याचा खांदा घटकेत भरून येतो, कारण तो खांद्याने मारतो. पिंजारी मनगटाने मारतो. अख्तरीची आई खतीजाबी लवकर गेली, चाँद पाशाला दुसरं अपत्य नव्हतं, म्हणून आठव्या वर्षी मोगरी अख्तरीच्या हाती आली. सोळाव्या वर्षापर्यंत तिचं उजवं मनगट बापाच्या मनगटाहून जाड झालं होतं.

दुसरी विद्या बोटांची. कापसाची चिमूट अंगठ्याखाली धरायची आणि सांगायचं, हा कोणत्या रानचा, ओला की वाळका, आणि त्यात सरकी किती राहिली. चाँद पाशा म्हणायचा, "बेटी, आदमी झूट बोलता, कपास नै बोलती." दुलईत एक सरकी राहिली तर निजणाऱ्याच्या पाठीला ती एकच टोचते, आणि नाव पिंजाऱ्याचं जातं. अख्तरीने पिंजलेल्या दुलईत सरकी निघाली, असं पंचक्रोशीत कुणी म्हटलं नाही.

बत्तीस सालच्या हिवाळ्यात बापलेक हिंगोलीला गाद्या पिंजायला गेले. गोऱ्यांची पलटण तिथून उठून जमाना झाला होता, पण तिच्यामागे राहिलेल्या, उत्तरेकडून आलेल्या परदेशी शिपायांची घरं अजून होती. त्यातल्या एका घरात किसनसिंग राहायचा. पन्नाशीचा, सडा, पाठ काठीसारखी ताठ. तरुणपणी एका साहेबाने त्याला बुक्क्यांची कुस्ती शिकवली होती आणि जाताना चामड्याच्या हातमोज्यांचे दोन जोड देऊन गेला होता, एक काळा आणि एक तांबडा. किसनसिंग एक लहानसा तंबू घेऊन बाजार, उरूस, जत्रा फिरायचा. त्याचे गडी एकमेकांशी बुक्क्यांनी लढायचे आणि लोक तिकीट काढून बघायचे.

त्या दिवशी गादी बाजूला राहिली आणि किसनसिंग पोरीचं मनगट बघत बसला.

"ये कलाई किसने बनाई?"

"अल्लानं," अख्तरी म्हणाली. "आन् तुमच्यासारख्यांच्या गाद्यांनी."

किसनसिंग खो खो हसला. मग त्याने चाँद पाशाला बाजूला घेतलं. चाँद पाशा दोन्ही हात कानांवर ठेवून म्हणाला, "तोबा! लोग क्या बोलेंगे?"

"लोग टिकट निकालेंगे," किसनसिंग म्हणाला.

दोन वर्षं त्याने तिला शिकवलं. तागाच्या पोत्यात वाळू भरून ते कडुनिंबाला टांगलं होतं. पाय कसा सरकवायचा, हनुवटी कशी लपवायची, मार अंगावर घेताना श्वास कसा सोडायचा. आणि पहिल्याच दिवशी त्याने एक नेम घालून दिला. मोजे उस्तादाने बांधायचे आणि उस्तादानेच सोडायचे. शिष्याने त्यांना बोट लावायचं नाही, त्यांचा कापूस उस्तादाने भरायचा, त्यांची खुंटी उस्तादाच्या घरात. "बंधा हुआ हाथ उस्ताद का, खुला हुआ हाथ तेरा," तो म्हणायचा. लढत संपली की मोजे घातलेल्या हातांनी तिला पेला धरता यायचा नाही. तेव्हा तो स्वतः तिच्या ओठांना पाणी लावायचा, तोंड पुसायचा आणि मगच नाड्या सोडायला बसायचा. बापानेही तिला इतक्या हळुवारपणे पाणी पाजलं नव्हतं.

पहिली लढत बाळापूरच्या बाजारात झाली. समोर तातेराव होता, हमालीची पोती एका खांद्यावर दोन-दोन नेणारा. गर्दी अशी लोटली की तंबूची दोरी तुटली.

"तातेराव, दमानं रे! रजई हाय ती, फाटंल!"

"अगं बाई, हान की! तुझ्या बापाची मजुरी बुडवली व्हती त्यानं!"

तातेराव लाजून पंचाला म्हणाला, "बाईमाणसावर हात कसा उगारू?" तो उगारायचा की नाही हे ठरवत होता, तेवढ्यात तिची उजवी बुक्की त्याच्या नाकावर बसली. तो मटकन बसला, नाकाला हात लावला, हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "मायला, उगारायला पाहिजे व्हता." सारा बाजार हसला. अख्तरी हसली नाही. ती आपल्या हाताकडे पाहत होती.

त्यानंतर 'बुक्कीवाली अख्तरी' हे नाव बसमत, पूर्णा, नांदेड, परभणी असं आगगाडीच्या रुळांनी पसरत गेलं. उर्दूत आणि मराठीत हस्तपत्रकं निघायची. ती गड्यांशी लढली, सर्कशीतल्या बायांशी लढली. नांदेडला एका गड्याने तिला दोनदा पाडलं, ती दोनदा उठली आणि पंचांनी लढत बरोबरीत सोडवली. तेवढी एक सोडली तर ती जिंकतच गेली. स्थळं यायची थांबली, त्याचं तिला दुःख झालं नाही. चाँद पाशा वारला तेव्हा ती लढत सोडून आली, चाळीस दिवस राहिली, बापाचं पिंजण तेल लावून भिंतीला टांगलं आणि परत गेली. प्रत्येक विजयानंतर किसनसिंग तिचे मोकळे झालेले हात आपल्या हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "तेरे हाथ में बरकत है, बेटा." ते वाक्य तिने चांदीच्या कड्यांपेक्षा जपलं.

अडतीस सालच्या दसऱ्याला हिंगोलीच्या मैदानावर तिच्यासमोर सखुबाई उभी राहिली. सखुबाई पैनगंगेपलीकडची, वऱ्हाडातल्या एका तमाशगिराच्या तंबूत लढणारी. काळी, रुंद, डोळे पाणीदार. अख्तरीला काळे मोजे, सखुबाईला तांबडे. पंचाने दोघींचे मोजे दाबून पाहिले आणि मान हलवली. दोन फेऱ्या सखुबाई वरचढ होती. तिची डावी बुक्की कुठून येते तेच कळत नव्हतं, आणि मधल्या विश्रांतीत अख्तरीला पहिल्यांदा वाटलं की आपण हरणार. तिसऱ्या फेरीत तिला फट दिसली. उजवी बुक्की सखुबाईच्या डाव्या डोळ्यावर बसली. सखुबाई उठली नाही.

लोकांनी अख्तरीला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ती धर्मशाळेत सखुबाईला भेटायला गेली. डोळ्यावर हळदीचा लेप होता. पावलं ऐकून सखुबाईने भिंतीकडे तोंड केलं. पुढे कळलं की तो डोळा गेला. तेव्हा अख्तरीने निवडक कापूस आणून स्वतः पिंजला, एक दुलई भरली आणि पैनगंगेपलीकडे पाठवून दिली. निरोप आला नाही. हरलेल्या बाईचा राग, अख्तरीला वाटलं, आणि तो राग तिने माफ केला. माफ करताना तिला थोडा अभिमानही वाटला, कारण ज्या हाताने एवढं मोठं काम झालं तो हात तिचा होता.

सत्तेचाळीस साली मुलूख बिघडला. रझाकारांच्या भीतीने बाजार लवकर उठायचे, जत्रा भरेनाशा झाल्या. किसनसिंगचा तंबू गुंडाळून पडला, गडी आपापल्या गावी गेले. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. अख्तरी बापाचं पिंजण खांद्यावर टाकून पुन्हा दारोदार जाऊ लागली, आणि थंडी सुरू होताना उस्तादाची गादी पिंजायला हिंगोलीला आली. किसनसिंग उन्हात बाजेवर पडला होता. ती आत गादी उसवत होती.

भिंतीजवळच्या फरशीवर तिला काळी टरफलं दिसली. तिने वर पाहिलं. खुंटीला मोज्यांचे दोन्ही जोड टांगलेले होते. तांबडे मोजे जसेच्या तसे होते. काळ्यातला डावाही तसाच होता. उजवा मात्र उंदराने बोटांच्या उंचवट्यावर कुरतडून फोडला होता.

कापूस खायला उंदीर येत नाही. हे तिला कुणी सांगायला नको होतं. उंदीर सरकीसाठी येतो.

पंधरा वर्षांत तिने पहिल्यांदा त्या मोज्याला आपण होऊन हात लावला. भोकात बोट घातलं. वर पातळसा मऊ कापूस, त्याखाली शिवलेली एक पुरचुंडी. तिच्यात ओली करून ठोकून बसवलेली सरकी, वाळून दगड झालेली. बोट तिथेच राहिलं. ज्या बोटाने ती अख्ख्या पंचक्रोशीतला कापूस ओळखायची, ते बोट इतकी वर्षं या पुरचुंडीपासून दोन सुतांवर होतं. मध्ये फक्त हाताला गुंडाळलेली पट्टी होती, आणि उस्तादाचा शब्द.

मूठभर सरकी उकरून ती बाहेर आली आणि बाजेपाशी बसली. मूठ उघडून तिने किसनसिंगच्या तळहातावर रिकामी केली. "उस्ताद, हे काय हाय?"

त्याने बोटांनी चाचपलं. त्याचा चेहरा लगेच म्हातारा झाला. "चूहे आए क्या?"

"कोणी भरली?"

"मैंने." त्याने सरकी मुठीत दाबली. "नांदेडला त्या गड्याने तुला पाडलं, याद है? मी घाबरलो, बेटा."

"मी उठले व्हते."

"तू उठलीस. पुढच्या वेळी उठली नसतीस तर तंबूची कंपनीही उठली नसती."

"कोणकोणत्या लढतीत?"

"कधी भरायचो, कधी काढायचो. समोरचा पाहून."

"तातेराव?"

"वो तो तेरी थी." मग त्याने तोंड फिरवलं. "तेरी ही होगी."

"सखुबाई?"

किसनसिंगने आंधळे डोळे उन्हाकडे उचलले. तो आठवत होता, खरंच आठवत होता. तिला ते दिसत होतं. "याद नहीं, बेटा," तो शेवटी म्हणाला. "दसऱ्याच्या गडबडीत... याद नहीं."

खोटं बोलला असता तर तिला त्याच्यावर ओरडता आलं असतं. त्याने तिचे हात इतके आपले मानले होते की त्यांत काय केव्हा भरलं, हे लक्षात ठेवायची गरजही त्याला पडली नव्हती.

"बरकत हाय म्हणत व्हता तुमी."

"बरकत है. मैं तो सिर्फ..."

"बराबर हाय," ती म्हणाली. "तुमी निस्ती पुरचुंडी घातली."

अर्धी उसवलेली गादी टाकून जाणं तिच्या कसबात बसत नव्हतं. ती आत गेली आणि दिवस कलेपर्यंत तात वाजत राहिली. गादीचा कापूस तिने तीनदा पिंजला. एक सरकी राहू दिली नाही. गादी बाजेवर घातली, उस्तादाला हात धरून तिच्यावर बसवलं, उजवा काळा मोजा खुंटीवरून काढून घेतला आणि निघाली. तिने पाया पडावं म्हणून त्याने पाय पुढे केले होते. ती पडली नाही.

त्या हिवाळ्यात पैनगंगा ओलांडणं सोपं नव्हतं. अलीकडे रझाकार, पलीकडे हिंदुस्थानच्या नाक्यावरचे शिपाई, आणि मुसलमानी नाव ऐकलं की तिकडे कपाळाला आठी. तरी पिंजाऱ्याच्या खांद्यावरची कमान हाच त्याचा परवाना. थंडीत दुलई सगळ्यांनाच लागते. संक्रांत उलटल्यावर अख्तरी नदी उतरून सखुबाईच्या गावी पोचली. सखुबाई आता भावाच्या घरी राहायची आणि त्याच्या म्हशी सांभाळायची.

ती गोठ्यासमोर शेण थापत होती. डावा डोळा मिटून आत बसला होता. उजव्या डोळ्याने तिने आधी कमान पाहिली आणि मग चाल.

"पिंजारीण म्हनून आलीस, आन् चाल आखाड्यातली," ती म्हणाली. "काहून आलीस, अख्तरी?"

अख्तरीने मोजा काढला आणि त्यातली सरकी जमिनीवर ओतली.

सखुबाई चकित झाली नाही. "व्हय," ती म्हणाली. "सरकीच व्हती. मला त्याच दिशी समजलं. कापसाचा मार पसरतो. त्यो पसरला न्हाई, आत घुसला. म्या पंचाला म्हनलं, मोजा फोडा. सारे हासले. म्हने, हरली तवा मोजा वाईट झाला."

"मला ठावं नव्हतं, सखुबाई. अल्लाची आन."

"तू कोनाची लेक?"

"चाँद पाशाची."

"पिंजाऱ्याची. चिमटीत कापूस धरून रान सांगती म्हने. आन् हातात सरकी भरली ते तुला कळलं न्हाई?" सखुबाईने हात झटकले. "जा बाई. दुसऱ्या कुनाला सांग. त्यो बी हासंल."

हाच प्रश्न अख्तरी हिंगोलीपासून स्वतःला विचारत आली होती. तिने नेमाची गोष्ट सांगितली. मोजे उस्ताद बांधायचा, उस्तादच सोडायचा.

"आन् तू बांधू देत व्हतीस?"

"देत व्हते."

"येकदा बी इचारलं न्हाई?"

"घास भरवनाऱ्याला कुनी इचारतं का, कशाचा देऊन राहिला म्हनून?"

सखुबाईने ओतलेली सरकी पायाने चाळवली. म्हैस हंबरली. "मंग आता काय पाहिजे? माफी?"

"न्हाई. उस्तादाला याद न्हाई. त्या दिशी मोज्यात व्हती का न्हाई, ते त्यालाच याद न्हाई. तू म्हनतीस व्हती. पर मार घुसला म्हनून म्हनतीस. माझा हात बी घुसतो. सरकीनं मारलं का म्या मारलं, तुझ्याबिगर कोनाला सांगता येनार न्हाई."

सखुबाईचा एक डोळा तिच्यावर खिळून राहिला. मग ती उठली आणि घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दुलई होती. घडी न मोडलेली, कडेने उंदरांनी न कुरतडलेली. नऊ वर्षं तिने ती पांघरली नव्हती.

"हिच्यात तर सरकी न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग काढ हिच्यातला कापूस. पिंज. मोज्यात निस्ता कापूस भरू."

अख्तरीने दुलई उसवली. नऊ वर्षांत कापूस दबून चपटा झाला होता. अंगणात पिंजण तोलून ती उभी राहिली आणि तात वाजू लागली. टंग, टंग, टंग. दबलेला कापूस श्वास घेतल्यासारखा फुगला. सखुबाईची भावजय दारात येऊन म्हणाली, "अवं वन्सं, चांगली दुलई काहून उसवली?" सखुबाईने तिला हाताने गप्प केलं. मोज्यात कापूस सखुबाईने स्वतः भरला, मूठमूठ चाचपून, आणि उंदराचं भोक टाके घालून बुजवलं. मग म्हणाली, "हात कर पुढं. बांधते मी."

अख्तरीने हात पुढे केला. नाड्या आवळल्या गेल्या.

सखुबाई गोठ्याच्या खांबासमोर उभी राहिली आणि मिटलेल्या डोळ्याखाली बोट ठेवलं. "हितं."

"सखुबाई, तळहातावर घे."

"तळहाताला काय याद हाय? ह्या बाजूला आता जायाला काय उरलं न्हाई. मार. आन् अर्धा मारशील तर अर्धंच कळंल."

अख्तरीने पाय सरकवला. हनुवटी लपवली. मनगट सोडलं.

सखुबाई दोन पावलं मागे गेली आणि खांबावर आदळली. भावजय किंचाळली. सखुबाईने एका हाताने खांब धरला, दुसऱ्या हाताने गाल, आणि तशीच उभी राहिली. म्हशी कान हलवत होत्या. उडालेला कापूस अजून अंगणभर खाली येत होता. अख्तरी वाट पाहत राहिली. पंचाची वाट तिने कधी अशी पाहिली नव्हती.

बऱ्याच वेळाने सखुबाई खांब सोडून पुढे आली. तिने अख्तरीचा हात घेतला आणि नाड्या सोडू लागली, एकेक गाठ, सावकाश.

"कळलं?" अख्तरीने विचारलं.

"कळलं."

"मंग?"

सखुबाईने मोजा ओढून काढला. आतला मोकळा हात तिने क्षणभर उलटापालटा करून पाहिला.

"नऊ वरसं मी वरडून राहिले, कुनी आयकलं न्हाई," ती म्हणाली. "माझं म्हननं माझ्यापाशी ऱ्हायलं. हे बी ऱ्हाऊ दे."

"सखुबाई, सांग. वैरीन म्हनून सांग. पर सांग."

"मी ह्या डोळ्यासंगं ऱ्हाते," सखुबाई म्हणाली. "तू त्या हातासंगं ऱ्हा."

तिने मोजा ठेवून घेतला. अख्तरी कमान उचलून नदीकडे निघाली तेव्हा मागून पुन्हा शेण थापल्याचे आवाज येऊ लागले होते.

पुढे किसनसिंग गेला. निजामाचं राज्यही गेलं, आणि जत्रा पुन्हा भरू लागल्या. अख्तरी लढली नाही. ती पिंजारी आळीतल्या बापाच्या घरात राहिली आणि हिवाळाभर आमच्या गल्ल्यांमधून दुलया पिंजत फिरली. कुठे ना कुठे एखादा म्हातारा ओट्यावरून नातवाला सांगायचाच, "हिला वळखतो का? बुक्कीवाली अख्तरी. उभ्या जन्मात हरली न्हाई."

तातेवरची मोगरी थांबायची. ती कापसाची एक चिमूट उचलायची, अंगठ्याखाली दाबून पाहायची, खाली टाकायची.

"पुढचं घर कोनाचं?" ती विचारायची.